कुलूप पाकिटातच राहिलं

अमेरिकेत परवाना असलेल्या दुकानातून पिस्तूल विकत घेतलं, की त्याच्यासोबत एक कुलूप हातात पडतं. 2005 सालच्या देशव्यापी कायद्यानुसार दुकानदाराला ते द्यावंच लागतं. वस्तू अगदी साधी असते. करंगळीहून बारीक तार, तिच्यावर प्लास्टिकचं आवरण आणि टोकाला सुटकेसला लावतो तेवढं कुलूप. पिस्तुलातून मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढायची, वरचा सरकता भाग मागे ओढायचा, तार आरपार ओवायची आणि टोक कुलपात दाबायचं. तार आत बसली की त्या पिस्तुलातून गोळी झाडताच येत नाही.

मिशिगन राज्यात ऑक्सफर्ड नावाच्या गावातल्या एका घरात पोलिसांना असंच एक कुलूप सापडलं. त्याचं पाकीटही फोडलेलं नव्हतं.

त्या घरातल्या 15 वर्षांच्या मुलाने 30 नोव्हेंबर 2021 रोजी आपल्या शाळेत गोळीबार केला. चार विद्यार्थी गेले, सात जण जखमी झाले. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी विकत घेतलं होतं. पुढे आईवडिलांवर खटला चालला, तेव्हा सरकारी वकील बाईंनी कुलूप कसं लावतात हे ज्युरीसमोर करून दाखवलं. दहा सेकंद लागले. 2024 मध्ये दोघांनाही 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. शाळेत गोळीबार करणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना मनुष्यवधासाठी दोषी ठरवण्याची अमेरिकेतली ती पहिलीच वेळ.

या खटल्यात एक मोठी अडचण होती. 2021 मध्ये मिशिगनमध्ये ‘घरात मूल असेल तर बंदूक कुलपात ठेवा’ असं सांगणारा कायदाच नव्हता. कुलूप देणं सक्तीचं होतं, लावणं मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. म्हणून वकील बाईंना मनुष्यवधाच्या जुन्या कलमाचा आधार घ्यावा लागला.

ही फट कशी बुजली, कोणी बुजवली आणि त्यात साध्यासुध्या लोकांनी नेमकं काय काय केलं, ते या लेखात सांगते. ऑक्सफर्ड ज्या ओकलंड काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं, तिथेच मी राहते. ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स या इथल्या गावांत मराठी घरं कमी नाहीत. गणपतीला भेटलो की शाळा, ग्रीनकार्ड, घरांच्या किमती सगळं बोलून होतं. बंदुकीचा विषय निघाला की मात्र ‘इथे हे असंच चालायचं’ म्हणून कोणीतरी पुरणपोळीकडे वळतं. ते असंच चालायचं नाही, एवढं मला गेल्या काही वर्षांत कळलं आहे.

आधी मुळाचा प्रश्न. हे सगळं राज्याच्या विधिमंडळात का ठरतं?

आपल्याकडे शस्त्र कायदा एकच, 1959 सालचा, आणि तो देशभर लागू. परवाना हवा असेल तर पोलीस आयुक्तांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, शस्त्र कशासाठी हवं ते पटवून द्यायचं. निवडणूक आली की शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि लोक जमा करतातही. म्हणजे आपल्या डोक्यात गृहीत धरलेलं असतं की बंदूक ही सरकारने दिलेली परवानगी आहे. अमेरिकेत सुरुवातच उलट टोकाकडून होते. 1791 सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणं हा हक्क मानला. मिशिगनच्या स्वतःच्या राज्यघटनेतही स्वतःच्या आणि राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगण्याचा हक्क वेगळा लिहिला आहे. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरात पिस्तूल ठेवणं हा प्रत्येकाचा व्यक्तिगत हक्क असल्याचं सांगितलं. 2022 मध्ये कसोटी आणखी कडक केली. आता बंदुकीवरचं कोणतंही बंधन देशाच्या जुन्या परंपरेशी जुळतं हे सरकारने दाखवावं लागतं. मात्र 2024 मध्ये त्याच न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला, की घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात ज्याच्यावर मनाई हुकूम आहे त्याच्याकडून शस्त्र काढून घेता येतं. म्हणजे हक्क आहे, तसं त्याला बंधन घालायलाही जागा आहे. ती जागा किती मोठी, यावर भांडण चालू आहे.

देशाच्या पातळीवरचे कायदे थोडे आहेत. 1993 च्या ब्रेडी कायद्याने परवानाधारक दुकानात खरेदीदाराची पूर्वपीठिका, म्हणजे त्याच्यावर गुन्हे वगैरे आहेत का ते, तपासणं बंधनकारक केलं. पण एका माणसाने दुसऱ्याला खासगीत बंदूक विकली तर ही तपासणी नाही. उरलेलं सगळं राज्यांवर सोडलेलं. म्हणून एका राज्यात जे चालतं ते नदी ओलांडून पलीकडच्या राज्यात गुन्हा असू शकतो.

मग गावाच्या पातळीवर काही करता येतं का? नाही. मी स्वतः आधी सिटी कौन्सिलच्या बैठकीला गेले होते. तिथल्या बाईंनी फार आपुलकीने सांगितलं की त्यांचे हात बांधलेले आहेत. 1990 च्या राज्य कायद्याने मिशिगनमधल्या शहरांना बंदुकीबाबत स्वतःचे नियम करायला मनाई केली आहे. बहुतेक राज्यांत असेच कायदे आहेत. वॉशिंग्टनमध्ये, म्हणजे देशाच्या संसदेत, गाडी अडलेली आणि गावाला अधिकार नाही, म्हणजे दार एकच उरतं, राज्याच्या राजधानीचं. आमच्यासाठी ते लान्सिंग.

2023 मध्ये मिशिगनने जे कायदे केले ते मुख्यतः तीन.

पहिला कुलपाचा. घरात अल्पवयीन मूल असेल किंवा येण्याची शक्यता असेल, तर बंदुकीला कुलूप हवं, किंवा ती कुलूपबंद पेटीत हवी. ‘येण्याची शक्यता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण त्यात सुट्टीत येणारी नातवंडंही आली आणि शेजारची खेळायला येणारी मुलंही. पोलीस घरोघर जाऊन कुलपं तपासत नाहीत. मुलाच्या हाती बंदूक लागून काही घडलं की हा कायदा जागा होतो. मुलाने ती बाहेर नेली किंवा कोणावर रोखली तर 93 दिवसांपर्यंत कैद, कोणी मेलं तर 15 वर्षांपर्यंत.

दुसरा तपासणीचा. पिस्तुलासाठी मिशिगनमध्ये आधीपासून परवाना लागायचा. आता लांब नळीच्या बंदुकांनाही, खासगी विक्रीतही, पूर्वपीठिका तपासावी लागते.

तिसऱ्याला इथे ‘रेड फ्लॅग’ कायदा म्हणतात. एखादा माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी खरी भीती असेल, तर घरातली माणसं, आधीचा किंवा आत्ताचा जोडीदार, पोलीस, डॉक्टर किंवा समुपदेशक न्यायालयात अर्ज करू शकतात. पुरावा पटला तर न्यायाधीश काही काळासाठी बंदूक जमा करायला सांगतात. त्या माणसाला आपली बाजू मांडायला सुनावणी मिळते. आदेश साधारण वर्षभराचा असतो. हा गुन्हा नाही, शिक्षाही नाही, नावावर डाग लागत नाही. कनेक्टिकटने असा कायदा 1999 मध्येच केला होता. फ्लोरिडाने पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर 2018 मध्ये केला, तोही रिपब्लिकन राज्यपालांच्या सहीने.

एक गोष्ट इथे थांबून सांगायलाच हवी, कारण आपल्या लोकांना ती बहुधा माहीत नसते. बंदुकीने होणारे मृत्यू म्हटलं की डोळ्यांपुढे शाळेतला गोळीबार येतो. प्रत्यक्षात 2023 मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे 46,700 माणसं गेली आणि त्यांतल्या 27,000 हून अधिक आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. मिशिगनमध्येही तसंच चित्र आहे. आत्महत्येचा विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. ती वेळ निभावली तर बहुतेक माणसं पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. पण हाताशी बंदूक असेल तर सावरायला वेळच मिळत नाही. कुलूप काय करतं, तर तो वेळ मिळवून देतं. मुलांच्या हाती बंदूक लागू नये म्हणून केलेल्या कायद्यांनी किशोरवयीन आत्महत्या आणि अपघात कमी होतात, असं रँड या संशोधन संस्थेने अनेक अभ्यास पडताळून सांगितलं आहे. बंदुकीबाबतच्या इतर बऱ्याच कायद्यांवर संशोधक अजून वाद घालतात. या कायद्याबाबत मात्र त्यांचं बऱ्यापैकी एकमत आहे. आपल्या घरात बंदूक नसेल, पण दहावी-अकरावीतला मुलगा असेल आणि त्याच्या मित्राच्या घरी बंदूक असेल, तर हा कायदा आपल्या मुलासाठीच आहे. आणि कोणी अशा अवस्थेत असेल तर अमेरिकेत कुठूनही 988 हा क्रमांक फिरवायचा, रात्री-अपरात्री कधीही.

आता कायदा झाला कसा ते.

कुलपाचं विधेयक 2023 मध्ये पहिल्यांदा आलं असं नाही. ते वर्षानुवर्षं मांडलं जात होतं आणि मांडल्या जागी पडून राहत होतं. विधेयक पडून राहतं म्हणजे काय, हे मला फार उशिरा समजलं. आमदाराने विधेयक मांडलं की ते एखाद्या समितीकडे जातं. समितीचे अध्यक्ष ठरवतात, सुनावणी घ्यायची की नाही. त्यांनी घेतलीच नाही तर त्या विधेयकावर कोणी ‘हो’ही म्हणत नाही आणि ‘नाही’ही. दोन वर्षांची मुदत संपली की ते आपोआप मरतं. कोणी त्याविरुद्ध मत दिल्याची नोंदसुद्धा राहत नाही. ऑक्सफर्डनंतरही विधेयकाचं हेच झालं. चार मुलं गेली, आणि विधेयकाला सुनावणी मिळाली नाही.

अध्यक्ष कोणाचे? बहुमत असलेल्या पक्षाचे. बहुमत कोणाला? इथे गोष्ट वेगळ्याच गावाला जाते, आणि मला ती फार मोलाची वाटते.

मिशिगनमध्ये मतदारसंघांच्या सीमा आमदारच आखायचे. अर्थात स्वतःला सोयीच्या. 2016 च्या निवडणुकीनंतर केटी फाही नावाच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, की हे बदलायचं मनात आहे, कोणी येणार का? राजकारणाचा अनुभव नसलेली माणसं गोळा झाली. राज्यघटनेत बदल सुचवायला तीन लाख पंधरा हजारांच्या वर सह्या लागणार होत्या. स्वयंसेवकांनी चार लाखांहून अधिक जमवल्या, महामार्गावरच्या थांब्यांवर, जत्रांत, लायब्ररीच्या दारात उभं राहून. 2018 मध्ये लोकांनी 61 टक्के मतांनी तो बदल मंजूर केला. आता सीमा 13 नागरिकांचा आयोग आखतो: चार एका पक्षाचे, चार दुसऱ्या पक्षाचे, पाच कोणत्याच पक्षाचे नसलेले. नव्या सीमांवर 2022 मध्ये पहिली निवडणूक झाली आणि चाळीस वर्षांत प्रथमच दोन्ही सभागृहं आणि राज्यपालपद डेमोक्रॅटिक पक्षाकडे आलं. 110 जणांच्या खालच्या सभागृहात 56 विरुद्ध 54, एवढंच बहुमत. पण समितीचे अध्यक्ष बदलले.

त्या सह्या गोळा करणाऱ्यांच्या कागदावर बंदुकीचा ब सुद्धा नव्हता. तरी कुलपाच्या कायद्याचा रस्ता त्यांनीच मोकळा केला. म्हणून कोणी मला विचारलं की नागरिकांनी नेमकं काय करावं, तर मी आधी मतदारसंघाचा नकाशा बघायला सांगते.

दुसऱ्या बाजूला आया होत्या. डिसेंबर 2012 मध्ये कनेक्टिकटच्या सँडी हूक शाळेत 20 लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. दुसऱ्याच दिवशी इंडियानात राहणाऱ्या शॅनन वॉट्स या पाच मुलांच्या आईने फेसबुकवर एक गट सुरू केला. त्याचीच पुढे ‘मॉम्स डिमांड ॲक्शन’ ही देशभराची संघटना झाली. लाल टी-शर्ट घातलेल्या या बाया प्रत्येक राज्याच्या विधिमंडळात दिसतात. मिशिगनमध्ये त्यांनी कित्येक वर्षं एकही सुनावणी नसताना फेऱ्या मारल्या. आमदारांच्या कार्यालयात जायचं, नाव नोंदवायचं, परत यायचं. आमच्या विधानभवनात 30 एप्रिल 2020 रोजी कोविडच्या निर्बंधांविरुद्ध आलेले लोक रायफली घेऊन आत शिरले होते, आणि तेव्हा ते कायदेशीर होतं. त्या इमारतीत मुलांचे फोटो हातात धरून उभं राहायला धीर लागत असणार.

मग 13 फेब्रुवारी 2023 ची रात्र आली. मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला. तीन विद्यार्थी गेले, पाच जखमी झाले. ऑक्सफर्डमधून वाचून इथे शिकायला आलेली मुलंही त्या रात्री कॅम्पसवर दारं लावून बसली होती. आमच्या ओळखीतल्या दोन मराठी घरांची मुलं तिथे शिकत होती. त्यांतल्या एकीची आई रात्रभर फोन कानाला लावून स्वयंपाकघरातल्या जमिनीवर बसून होती, पलीकडून मुलगी बोलत नव्हती, नुसता श्वास ऐकू येत होता. विद्यापीठ राजधानीला खेटून आहे. दोनच दिवसांनी विद्यार्थी विधानभवनासमोर येऊन मांडी घालून बसले.

ते कायदे आधी असते तर ही घटना टळली असती का? हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. हल्लेखोर 43 वर्षांचा माणूस होता. परवान्याशिवाय लपवून पिस्तूल बाळगल्याचा त्याच्यावर 2019 मध्ये मोठा आरोप होता, तो तडजोडीत सौम्य झाला आणि पुढे त्याला कायदेशीरपणे पिस्तुलं घेता आली. कुलपाचा कायदा त्याला अडवू शकला नसता. एकच कायदा सगळ्याला पुरतो असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ऑक्सफर्डला कुलूप हवं होतं, इथे दुसरं काही.

मार्च 2023 मध्ये सुनावण्या सुरू झाल्या आणि मी आयुष्यात पहिल्यांदा लान्सिंगला गेले. सुनावणी म्हणजे कोर्टासारखं काहीतरी असेल, वकील लागेल, असं मला वाटत होतं. तसं काही नसतं. अँडरसन हाउस ऑफिस बिल्डिंग नावाच्या इमारतीत समितीची खोली असते. दारापाशी टेबलावर पोस्टकार्डाएवढी छापील कार्डं ठेवलेली. नाव, पत्ता, विधेयकाचा क्रमांक, आणि पुढे चौकोन: पाठिंबा, विरोध, बोलायचं आहे, बोलायचं नाही. ओळखपत्र कोणी मागत नाही, नागरिकत्व कोणी विचारत नाही. कार्ड क्लार्ककडे द्यायचं. बोलायचं नसेल तरी तुमचा पाठिंबा नोंदीत जातो. नंबर लागला तर दोन-तीन मिनिटं मिळतात.

खोली भरली म्हणून आम्हाला शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसवलं. माझ्या शेजारी नारिंगी टोपी घातलेले एक आजोबा होते. मला वाटलं, हे विरोधात. मिशिगनमध्ये 15 नोव्हेंबरला हरणांची शिकार सुरू होते आणि त्या दिवशी कित्येक शाळांना सुट्टी असते, इतकी ती इथल्या माणसाच्या अंगात भिनलेली आहे. आजोबांनी स्वतःचं कार्ड मला दाखवलं. ‘पाठिंबा’वर खूण होती. पन्नास वर्षं शिकार करतोय, म्हणाले, आणि पन्नास वर्षं बंदूक कपाटात कुलपात आहे. माझ्या वडिलांनी शिकवलं ते कायद्यात लिहायला कोणाचं काय जातं? मी त्यांना म्हटलं, हेच आत बोला. त्यांचा नंबर लागला नाही. पण कार्ड नोंदलं गेलं.

माझा नंबरही त्या दिवशी लागला नाही. सहा तास बसून परत आले. नंतर दुसऱ्या एका सुनावणीत दीड मिनिट बोलले. त्या दीड मिनिटाची तयारी करून घेणाऱ्या बाईंनी मला जे शिकवलं ते असं: आपण कुठे राहतो ते पहिल्या वाक्यात सांगा, कारण आमदार आपल्या मतदाराचं आधी ऐकतो. आकडेवारी सांगू नका, ती त्यांच्याकडे आहे. स्वतःच्या घरातली एकच गोष्ट सांगा. शेवटी काय हवं ते विधेयकाच्या क्रमांकासह मागा आणि थांबा. समोरचा विरोधात असेल तर त्याला लाजवू नका, कारण पुढच्या वेळी त्याच्याकडेच जायचं असतं.

तपासणीच्या आणि कुलपाच्या कायद्यावर राज्यपाल ग्रेचेन व्हिटमर यांनी 13 एप्रिल 2023 रोजी सही केली, रेड फ्लॅगवर 22 मे रोजी. आम्हाला वाटलं, झालं. झालं नव्हतं. मिशिगनमध्ये एखादा कायदा लगेच लागू करायचा तर दोनतृतीयांश मतं लागतात. ती नसतील तर विधिमंडळाचं वर्षाचं अधिवेशन संपल्यावर 91 व्या दिवशी तो लागू होतो. अधिवेशन 14 नोव्हेंबरला संपलं. 91 दिवस मोजले तर तारीख आली 13 फेब्रुवारी 2024, विद्यापीठातल्या गोळीबाराचं वर्षश्राद्ध.

दुसऱ्याच दिवशी फ्लिंट शहरात दोन वर्षांच्या एका मुलीच्या हाती घरातलं भरलेलं पिस्तूल लागलं. गोळी तिलाच लागली. ती वाचली. तिच्या वडिलांवर झालेली केस ही नव्या कायद्याखालची पहिली.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं नीट ऐकायला हवं, आणि सगळंच टाकाऊ नाही. राज्याच्या उत्तरेकडे जंगलाच्या कडेला राहणाऱ्याला पोलीस यायला बराच वेळ लागतो. त्याला वाटतं, रात्री कोणी घुसलं तर मी कुलूप उघडत बसू का? बोटाच्या ठशाने क्षणात उघडणाऱ्या पेट्या मिळतात, आणि घरात मूल नसेल, येणारही नसेल, तर कायदा लागूच होत नाही. पण या पेट्यांना पैसे पडतात, हा मुद्दा खरा आहे. म्हणून तारेची कुलपं अनेक पोलीस ठाण्यांत आणि आरोग्य विभागांत फुकट वाटली जातात. रेड फ्लॅगबद्दलची शंका जास्त गंभीर आहे: माणसाचं ऐकून घेण्याआधीच तातडीचा आदेश निघू शकतो. म्हणून सुनावणीची मुदत थोडी ठेवली आहे आणि खोटा अर्ज करणं हा गुन्हा आहे. काही काउंटींच्या शेरिफांनी, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखांनी, हा कायदा राबवणार नाही असं जाहीर केलं होतं. शेरिफ इथे निवडून येतो, त्यामुळे ती निवडणूकही या विषयाचाच भाग आहे. बहुतेकांना आपल्या शेरिफचं नावही माहीत नसतं.

आता आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न. ‘आम्ही व्हिसावर आहोत, आम्हाला काय अधिकार?’ बोलण्याचा आणि सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क पहिल्या घटनादुरुस्तीने इथे राहणाऱ्याला दिला आहे, नुसत्या मतदाराला नव्हे. आमदाराला फोन करता येतो, पत्र लिहिता येतं, सुनावणीत बोलता येतं. मत देता येत नाही, आणि सह्यांच्या मोहिमेत सही करू नये, ती फक्त नोंदणीकृत मतदाराने करायची असते. उमेदवाराला देणगी देऊ नये, ग्रीनकार्ड आल्यावर ती देता येते. आणि एक इशारा: एच-वन, एच-फोर सारख्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगणं हा थोडे अपवाद सोडता देशाच्या कायद्याने गुन्हा आहे. मित्राबरोबर गंमत म्हणून नेमबाजीला जाण्याआधी वकिलाला विचारा.

मिशिगनच्या खालच्या सभागृहातला एक आमदार साधारण 91,000 लोकांमागे असतो. म्हणजे तो आपल्याच किराणा दुकानात भेटतो. त्याच्या कार्यालयात एका दिवसात एकाच विधेयकावर दहा फोन आले तर तिथे त्याची दखल घेतली जाते. हे मला तिथे काम केलेल्या एका मुलाने सांगितलं, आणि तेव्हापासून मी फोन करायला लाजत नाही.

आणि जे काम कोणत्याही व्हिसावर करता येतं ते फोनवरच होतं. मुलगा कोणाकडे खेळायला जाणार असेल तर मी आता विचारते. पहिल्यांदा विचारताना तोंड कोरडं पडलं होतं. आधी शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं बोलले, कुत्र्याचं विचारलं, मग म्हटलं, ‘आणखी एक विचारते, राग मानू नका. घरी बंदूक आहे का? असेल तर कुलपात असते का?’ पलीकडची बाई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘तीन आहेत. बेसमेंटमध्ये तिजोरीत. किल्ली नवऱ्याकडे. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, मला कोणी विचारत नाही.’ त्याआधी सात वर्षं माझा मुलगा किती घरांत राहून आला होता, ते मी त्या रात्री बोटांवर मोजत बसले.

कायदे झाले म्हणून काम थांबलेलं नाही. घरी जुळवलेल्या, क्रमांक नसलेल्या बंदुकांना इथे ‘घोस्ट गन’ म्हणतात. त्यांच्यावरचं विधेयक डिसेंबर 2024 मध्ये वरच्या सभागृहात मंजूर झालं. खालच्या सभागृहात अधिवेशनाच्या अखेरच्या दिवसांत विरोधी पक्ष बाहेर पडला, सत्ताधारी बाजूची एक सदस्य गैरहजर राहिली, गणसंख्या भरली नाही आणि कामकाज गुंडाळलं गेलं. मतदान न होताच विधेयक मेलं. जानेवारी 2025 पासून त्या सभागृहात रिपब्लिकन बहुमत आहे, 58 विरुद्ध 52. समितीचे अध्यक्ष पुन्हा बदलले. नवी विधेयकं पहिल्यापासून मांडायची, पुन्हा दार ठोठवायचं.

आमचे आमदार महिन्यातून एकदा एका कॉफीच्या दुकानात बसतात, कोणीही यावं, बोलावं. पुढच्या वेळी माझ्यासोबत एक मैत्रीण येणार आहे. तिची मुलगी त्या रात्री विद्यापीठात होती, तीच जिचा नुसता श्वास ऐकू येत होता. मैत्रीण एच-फोरवर आहे, आणि इंग्रजीत बोलायचं म्हटलं की घाबरते. म्हणून काल तिने आधी मराठीत लिहून काढलं, साडेतीन पानं. आम्ही दोघी चहा घेऊन बसलो आणि दोन मिनिटांत मावेल इतकं ठेवून बाकीचं खोडत गेलो. शेवटी कागदावर नऊ वाक्यं उरली. पहिलं वाक्य तिने कोणालाही खोडू दिलं नाही: ‘माझी मुलगी अजूनही झोपताना खोलीच्या दाराला खुर्ची लावते.’